अडकायची जागा

"नाही रे. हे नाही."

काकांनी लेन्सची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, परत आणली आणि लेन्स माझ्या टेबलावर ठेवून दिली. डोळे मिटून फिरवली. उघडे ठेवूनही फारसा उपयोग नव्हता म्हणा. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, नेमकं समोरचं दिसत नाही.

"काका, लोण्यासारखी फिरतेय," मी म्हणालो.

"तेच तर. लोणी घेऊन काय करू मी?"

आतून आई हसली. माझ्यावर गिऱ्हाईक चिडलं की तिला बरं वाटतं. "बोला काका, चांगलं बोला त्याला. जेवायच्या टेबलावर दुकान मांडलंय. परवा मीठ म्हणून डबी उघडली, तर आत ते वंगण."

"वंगण नाही आई, ग्रीस."

"तेच ते. भाजीत पडलं असतं तर घसरत गेलो असतो सगळे."

काका हसले नाहीत. एरवी हसतात.

हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. व्हिडिओ बघितले आणि घरातली एक लेन्स उघडली. ती अजून परत जुळलेली नाही, तिचे तुकडे एका बरणीत आहेत. पुढच्या जुळल्या. होता होता जुने कॅमेरे बाळगणारी माणसं येऊ लागली. काका त्यातले. त्यांचा स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, लग्न ठरवायचे फोटो, कुटुंबाचे फोटो. तो कधीच बंद झाला. काकू गेल्यापासून ते मुलाकडे राहतात आणि सगळे त्यांना अजून स्टुडिओकाकाच म्हणतात.

लेन्सच्या आत दोन नळ्या असतात, एकीत एक. बरणीच्या झाकणाला असतात तसे आटे, फक्त खूप बारीक. रिंग फिरवली की त्या आट्यांवरून नळी पुढेमागे होते आणि फोकस बदलतो. त्या आट्यांत ग्रीस लागतं, आणि खरी सगळी गंमत त्या ग्रीसमध्येच आहे. पातळ लावलं तर रिंग सुळकन निसटते. जाड लावलं तर बोटं भरून येतात. सायकलचं लावलं तर उन्हाळ्यात त्यातलं तेल सुटतं आणि काचेवर धुकं चढतं. म्हणून नवं ग्रीस मी आधी कागदावर टेकवतो आणि कागद खिडकीत उन्हात ठेवतो. भोवती तेलाचा डाग पसरला की ते सायकललाच.

काकांची लेन्स आली तेव्हा ती दोन्ही हातांनी पिळावी लागत होती. "फार जड झालीय," ते म्हणाले होते, "आणि मध्ये एका ठिकाणी जरा अडकते." एवढंच. मी उघडली. जुनं ग्रीस साबणाच्या वडीसारखं झालेलं. आणि आट्यांत एकाच जागी त्याचा बारीकसा बांध. वर्षानुवर्षं रिंग तिथंच येऊन थांबत असणार, म्हणून तिथं ते सरकत सरकत साचलेलं. मला बरं वाटलं, घोडं कुठं अडलंय ते सापडलं म्हणून. सगळं पेट्रोलनं धुऊन काढलं. पातळ ग्रीस लावलं, कारण एवढ्या रुंद रिंगला पातळच लावतात.

काका घेऊन गेले आणि परत आले. मी मधलं लावलं. आज पुन्हा आले होते.

"बरं, मग कशी पाहिजे ते सांगा ना," मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण आतली भांडी थांबली.

"अडकत नाहीये."

"नाहीच अडकणार! ते काढलं मी. तुम्हीच म्हणालात ना, एका ठिकाणी अडकते म्हणून?"

"हो. म्हणजे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं." ते माझ्या बाजूला वळले. "काढलंस?"

"मला वाटलं तक्रार आहे."

काकांनी मान हलवली. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी लेन्स परत उचलली आणि अंगठ्यानं रिंग चाचपत राहिले, अंधारात भिंतीवरचं बटण शोधतात तसे.

"आमचं घर स्टुडिओच्या मागंच," ते म्हणाले. "मध्ये फक्त पडदा. गिऱ्हाईक आलं की बाहेरच्या आरशात केस विंचरत बसायचं. तेवढ्यात मी आत हाक मारायचो. ही यायची हात पुसत आणि स्टुलावर बसायची. मी दिवे लावायचो, फोकस करायचो. मग ही उठायची आणि तिथं गिऱ्हाईक बसायचं."

"म्हणजे फोकस काकूंवर..."

"आणि फोटो दुसऱ्याचा. आयुष्यभर. कधी नीट बसली नाही बघ. स्टुलाच्या टोकावर, पुढे वाकून, उठायच्या बेतात. 'अहो, आटपा, दूध ठेवलंय.' जन्मभर हिचं दूध गॅसवरच."

आई दारात येऊन उभी राहिली होती. "तिथं बसल्या असताना एकदाही फोटो नाही काढलात?"

"म्हणायची, रोल वाया जाईल. मी म्हणायचो, उद्या काढू." ते स्वतःशीच हसले. "फोटो आहेत हो. लग्नातला आहे. घोळक्यात मागं उभी असतानाचे आहेत. त्या स्टुलावरचा नाही."

"काका, आता मग..."

"आता फोटो नको रे मला. काढून बघणार कशानं? रिंग फिरवली की तिथं हात थांबायचा, बास. रोज दुपारी एकदा फिरवायचो. जड झाली तरी दोन हातांनी फिरवायचो. थांबला हात की कळायचं, बसलीय."

आई पदरानं हात पुसत आत गेली. पुसायला काही नव्हतं हाताला.

मी म्हणालो, "ठेवून जा."

पुढचे काही दिवस मी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. आधी आट्यांत एका जागी जाड ग्रीसचा ठिपका ठेवून बघितला. चार वेळा फिरवली की तो सगळीकडे पसरायचा. मग अजून जाड. तेही पसरलं. जाड ग्रीस पातळात कालवलं, नुसतं लावलं, पुसलं. आई म्हणाली, "अरे, तो बांध तुझ्यानं होणार आहे का? त्यांचा हात लागलाय त्याला इतकी वर्षं." मला ते माहीत होतं. तरी करत होतो.

शेवटी सगळ्यात जाड ग्रीस घेतलं, जे मी फक्त झिजलेल्या, खडखडणाऱ्या लेन्सला वापरतो. पूर्ण आट्यांना लावलं. रिंग एवढी जड झाली की ढकलल्याशिवाय हलेना आणि सोडली की जागच्या जागी थांबे. कुणी शिकलेल्यानं बघितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. पण माझा हिशेब साधा होता. जागा तर मी परत देऊ शकत नव्हतो. निदान हाताला थांबावंसं वाटलं तर रिंगनं पुढं पळू नये.

लेन्स घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. दार सूनबाईंनी उघडलं. हात ओले, कपाळावर केस.

"आलात का डॉक्टर! बाबा सकाळपासून खिडकीत आहेत. जेवलेसुद्धा नाहीत नीट."

काकांनी कॅमेरा स्टँडवर लावूनच ठेवला होता. रोल नव्हता. समोर भिंतीशी स्टुडिओतलं ते स्टूल, त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. मी लेन्स चढवली. त्यांना स्पष्ट सांगितलं, "काका, ती जागा गेली. ती माझ्याकडून पुसली गेली. ही नुसती जड आहे."

"बरं," ते म्हणाले. मग आत तोंड करून, "जरा ये गं. बस इथं."

"आत्ता? बाबा, माझी भांडी पडलीत."

"एक मिनिट. फक्त बस."

सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं, ढीग उचलून पलंगावर टाकला आणि बसल्या. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, फोटोला बसतात तशा. काकांनी डोळे मिटले. रिंगवर बोटं ठेवली. रिंग जड, हळूहळू सरकत होती. थोडी पुढे गेली. मागे आली. परत पुढे. बोटं सैल पडली तरी रिंग निसटत नव्हती. मग हात थांबला.

आत नळ ठिबकत होता.

"बघ रे," डोळे न उघडता काका म्हणाले. "बरोबर आहे?"

मी वाकून कॅमेऱ्यातून बघितलं. फोकस चुकला होता. सूनबाईंचा चेहरा धूसर. गुडघ्यांवरचे हात मात्र लख्ख, नखांवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. फोकस चेहऱ्याच्या वीतभर पुढे पडला होता. मी सवयीनं रिंगकडे हात नेला. वीतभर पुढे म्हणजे, माणूस पुढे वाकून, उठायच्या बेतात बसलं असतं तर चेहरा आला असता तिथं.

मी हात मागे घेतला.

"बरोबर आहे, काका."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ रिंग तशीच धरून उभे राहिले. मग आवाजात नेहमीची घाई आणून म्हणाले,

"ऊठ आता. गिऱ्हाईक बसू दे."