गॉसमरची फोड

"काकू, फळा पुसतो आज. पार्किंगची नोटीस लिहायचीय." सोसायटीचा सेक्रेटरी सलिल ओला फडका हातात घेऊनच आला होता.

"संध्याकाळपर्यंत दम धर. फोड लिहिल्याशिवाय शब्द पुसत नाहीत," शालनताई म्हणाल्या.

"काकू, तो शब्द लिहून दोन महिने झाले."

"मग आणखी एक दुपार तुला जड जाणार नाही."

हडपसरच्या त्या सोसायटीत फाटकाजवळचा फळा त्यांच्या यजमानांचा, दत्तप्रसाद सरांचा. निवृत्त झाल्यापासून सर रोज सकाळी त्यावर एक अडनिडा इंग्रजी शब्द लिहीत. दोन शब्द चिकटून झालेला, पण सांधा झिजलेला. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी डोकं खाजवायचं, संध्याकाळी सर खाली उतरून फोड लिहायचे. बायकोला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा तिने आपणहून अंदाज केला, तर हसून म्हणाले होते, "तू आमटी बघ." ते शालनताईंना लागलं होतं, अजूनही लागत होतं.

'गॉसमर' लिहून सर वर आले आणि दुपारी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. फोड राहिली ती राहिलीच.

आज ते झोपल्यावर शालनताईंनी त्यांचा जाडजूड कोश पहिल्यांदाच मांडीवर घेतला. मुलाला फोन केला असता तर मिनिटात कळलं असतं, पण त्यांनी केला नाही. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचताना त्यांना घाम फुटला.

संध्याकाळी त्यांनी सरांची चाकाची खुर्ची फळ्यासमोर आणली आणि मोठ्याने वाचत मराठीतच लिहिलं : 'गूज अधिक समर. गूज म्हणजे बदकाच्या जातीचा मोठा पक्षी, समर म्हणजे उन्हाळा. तिकडे विलायतेत थंडीच्या तोंडावर चार दिवस ऊब परतते. तेव्हा हा पक्षी खायची चाल होती, आणि तेव्हाच कोळ्याचे तंतू, म्हणजेच गॉसमर, हवेत तरंगतात. त्या दिवसांचं नाव तंतूंना पडलं, असा अंदाज आहे.'

"बरोबर आहे का हो?"

सरांनी एकेक ओळ सावकाश वाचली. मग त्यांनी डावा हात खडूसाठी पुढे केला आणि बायकोच्या अक्षरांखाली, मुलांच्या वहीत करायचे तशी, एक वाकडी बरोबरची खूण केली.

"पुस आता," शालनताई फडका घेऊन थांबलेल्या सलिलला म्हणाल्या. खडूचा तुकडा त्यांनी पदराच्या टोकाला बांधला आणि खुर्ची लिफ्टकडे वळवली.