चेहरा दिसला पाहिजे

आमची आई मनाने चांगली, पण एका गोष्टीपायी तिने घरात सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. ती गोष्ट म्हणजे हनुवटी. माझी धाकटी बहीण जेवायला बसो की अभ्यासाला, आई मागून येऊन फणीचं टोक तिच्या हनुवटीखाली टोचायची. "वर! मान खाली घालून बसणाऱ्यांकडे कोण बघतं?" मला कधी टोचलं नाही. माझ्या हनुवटीकडून कुणाच्या काही अपेक्षाच नव्हत्या.

बहिणीला आम्ही घरात चिंगी म्हणतो. चिंगी एकेक सौंदर्यस्पर्धा जिंकत गेली आणि शेवटी देशाचा मुकुट डोक्यावर घेऊन घरी आली. सोबत मी. कपडे, केस, पिना, टाचांना लावायच्या चिकटपट्ट्या, सगळं माझ्याकडे. ती राणी आणि मी तिची हमाल, असं आम्ही दोघी म्हणायचो आणि खो खो हसायचो.

मुकुटामागून सिनेमे आले. सिनेमे कसले मेले! नायकाशेजारी उभं राहायचं, पंख्यासमोर केस उडवायचे आणि शेवटी कुणीतरी पळवून न्यायचं. एका मुलाखतीत एका शहाण्याने तिला तोंडावर विचारलं, "तुम्हाला काही येण्याची गरजच नाही, नाही का?" सगळे हसले. चिंगीही हसली. दुसरं काय शिकवलं होतं तिला? गाडीत बसल्यावर मात्र माझ्या मांडीत डोकं खुपसून ढसाढसा रडली. "ताई, दिसते कशी, ते पुरे झालं गं. एकदा तरी लोकांनी म्हणावं, हे हिने केलं."

दुसऱ्याच दिवशी ती फाइट मास्तरांच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. वर पत्रा, खाली गाद्या, आणि घामाचा असा वास की नाकाला पदर लावावा. मास्तर म्हणाले, "मारायला कुणालाही येतं. आधी पडायला शीक." पाठीवर पडताना हनुवटी छातीला टेकलेली हवी, नाहीतर डोकं मागे आपटतं आणि मान जाते, एवढा एकच धडा. आणि नेमका तोच चिंगीला जमेना. पडता पडता हिची हनुवटी वर! शेवटी मास्तरांनी मोज्याची गुंडाळी करून तिच्या हनुवटीखाली दिली. मोजा सुटला की पुन्हा पडायचं. मुकुट घातलेली बाई हनुवटीखाली कुणाचा तरी मोजा धरून दिवसभर धपाधप पडत होती. मी हसून हसून बेजार. पण रात्री तिच्या पाठीला मलम लावताना हसू यायचं नाही.

शिकली हो. चांगलं शिकली. मारामारीचे सिनेमे मिळायला लागले, आणि त्यांतल्या बऱ्याचशा उड्या तिने स्वतः मारल्या. लोक काय म्हणाले? "सगळं डुप्लिकेटने केलंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगावर निळे-काळे डाग हिच्या, आणि नाव दुसरीचं! खरी डुप्लिकेट म्हणजे एक लहानखुरी, काटक पोरगी. अवघड तेवढं ती करायची. तिने चहा पिता पिता ऐकवलं, "मॅडम, तुम्हाला निदान शिव्या तरी मिळतात. मला तेही नाही." चिंगीला हसावं की रडावं कळेना.

मग तो मोठा सिनेमा आला. नायिका चिंगी, नायक नाहीच. शेवटी तिने दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातून पाठमोरी खाली पडायचं. खाली रिकाम्या खोक्यांचे थर, वर गाद्या. कॅमेरा सज्ज्यात, वरून खाली बघणारा. आधी डुप्लिकेट पोरगी पडली. हनुवटी आत, अंग गोळा, अगदी नमुनेदार. मास्तर खूश. दिग्दर्शकाने मान हलवली, "छान. पण चेहरा दिसत नाही."

"मी पडते," चिंगी म्हणाली.

"काही नको," मी म्हटलं. "ती पडली ना?"

"ताई, वरून माझा चेहरा दिसला की कोण काय बोलणार? पडताना तोंड माझं असेल. मग म्हणू दे कुणाला डुप्लिकेट."

मास्तरांनी तिला दोन्ही खांदे धरून समजावलं. "कठडा सुटेपर्यंत कॅमेऱ्याकडे बघ. मग हनुवटी आत. काय?" ती "हो" म्हणाली. पडली. उत्तम पडली. उठून हसत आली. माझा जीव भांड्यात पडला. दिग्दर्शक छोट्या पडद्यावर बघून म्हणाला, "फार सुंदर. फक्त चेहरा अजून थोडा मिळाला असता तर..."

मास्तर म्हणाले, "नाही मिळायचा."

चिंगी म्हणाली, "मिळेल."

आणि दिला तिने. अख्खा. खाली पोचेपर्यंत ती वर बघत होती, मान लांब, हनुवटी उंच. दिग्दर्शक ओरडला, "वा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर तेवढे टाळ्या न वाजवता खोक्यांकडे धावले. तेव्हा मला कळलं.

मानेचं ऑपरेशन झालं. चालायला लागली, बोलते, जेवते. उजवा हात मात्र नुसता लोंबतो, बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं होतं ते आलं. म्हणजे उड्या संपल्या, आणि हात लोंबणाऱ्या बाईला पंख्यासमोर तरी कोण उभं करणार? निर्मात्याने बातमी बाहेर फुटू दिली नाही. चिंगीनेही नाही. "हात दाखवून टाळ्या नकोत मला," म्हणाली. "पडद्यावर बघतील ना." शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं हेच विचारलं होतं, "चेहरा दिसला का?" मी म्हटलं, दिसला गं बाई, दिसला. त्या एका गोष्टीवर ती दिवस काढत होती. मीही.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही दुपारच्या खेळाला गुपचूप गेलो. चिंगीच्या डोक्याला स्कार्फ, उजवा हात जाकिटाच्या खिशात. तो प्रसंग आला आणि थिएटर चिडीचूप झालं. चिंगीचा एवढा मोठा चेहरा पडद्यावर, खाली खाली जात होता. तिने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

पुढच्या रांगेत दोन कॉलेजची मुलं. एक म्हणाला, "कसली भारी पडली रे!"

दुसरा म्हणाला, "हट्, ही कुठली पडते? चेहरा नंतर कॉम्प्युटरवर चिकटवतात. हिच्या नखाला धक्का लागू देतील का?"

"तरीच. म्हटलं, पडताना एवढी छान कशी दिसते."

दोघं हसले. मी ताडकन उठले, त्यांची अशी खरडपट्टी काढणार होते की घरचा रस्ता विसरले असते. चिंगीने मला खाली ओढलं. "बस, ताई."

"अगं, पण सांगू दे की!"

"काय सांगशील? आता म्हणतील, हातसुद्धा खोटा."

दिवे लागले. मुलांनी मागे वळून बघितलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "मॅडम, तुम्ही!" एकाने लगबगीने हात पुढे केला. चिंगीने खिशातून हात काढला नाही. नुसती हसली, स्पर्धेत हसायची तशी. पोराने हात तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला. "पडद्यापेक्षाही सुंदर दिसता, मॅडम," तो कसाबसा म्हणाला. जिन्यावरून उतरताना त्याचा आवाज आला, "बघितलंस? केवढा भाव खाते."

घरी आई दार उघडूनच उभी होती. "काय म्हणाली गं लोकं?"

चिंगीने चपला काढल्या. मी तिचा स्कार्फ सोडायला लागले.

"सुंदर दिसते म्हणाले," ती म्हणाली.

आईचा चेहरा कित्येक महिन्यांत उजळला नव्हता असा उजळला. "मग!" ती म्हणाली. "मी काय सांगत होते!"