साडी तीच, प्रिया दुसरी

सात वर्षं चाललेल्या मालिकेतली सून मंगळवारी बदलली. सोमवारी दाराशी पाठमोरी उभी होती, मंगळवारी वळली तर तोंड दुसरंच.

"अगं बया, ही कोन?" सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच तिला बदललं.

"प्रियाच आहे ती, आई. आधीची नटी सोडून गेली."

"सोडून गेली? पदरात लेकरू हाय तिच्या! आन् घरातल्या कुनालाच कळंना व्हय? समदी कशी 'प्रिया, चहा ठेव' म्हनत्यात!"

मी शिवराजला पाजत होते. तो सात महिन्यांचा. माझी आकाशी ओढणी मुठीत धरल्याशिवाय त्याला दूध जात नाही. पुढच्या सोमवारी माझी शाळा सुरू होणार, मी पुन्हा चौथीच्या वर्गावर. आणि रविवारी सासूबाई सांगोल्याला परत जाणार. तिकडं मेंढरं आणि सासरे. त्यांना दोघांचीही काळजी, त्याच क्रमानं.

म्हणून शिवराजला सांभाळायला मागच्या गल्लीतल्या राजाबाई येणार होत्या. पण त्यांनी उचललं की तो असा रडायचा, की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारायचे, काय झालं. तीन दिवस हेच. शेवटी राजाबाईच म्हणाल्या, "ताई, लेकरू ऱ्हाईना तर मी तरी काय करू? शनवारी एकदा बगते, न्हायतर दुसरी बगा."

मला काही सुधरेना. पोळी तव्यावर टाकायची, विसरायची. बॅग भरायची, परत उपसायची.

"राहील गं. सगळी राहतात," अजिनाथ म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. नवऱ्यांना किक मारता येते.

सासूबाईंनी मालिका काही सोडली नाही. रोज सातला टीव्हीपुढं बसून नव्या प्रियाला शिव्या. "चालती बघ कशी, पाय मोजल्यावानी." शुक्रवारी मात्र नवी प्रिया कमरेवर हात ठेवून सासऱ्यावर डाफरली, आणि सासूबाई फसकन हसल्या. मग स्वतःवरच चिडल्या.

"हुशार हायती ही लोकं. साडी तीच ठिवली, राणी रंगाची. डोरलं तेच. मानूस तेवढ्यालाच वळखतंय." त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "आमी पन तेच करतो की. आई नसलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर तिचंच दूध त्याच्या पाठीला चोळायचं. वास आला की पाजती."

शनिवारी पाच वाजता राजाबाई आल्या आणि सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं. "शाळंचे कपडे घाल नि जा. दोन तास येऊ नगं. ती ओढणी हितंच ठिव."

स्कूटी काढली, सात रस्ता चौकापर्यंत गेले. रस मागवला, न पिताच उठले. फोन किती वेळा बघितला असेल! तो वाजू नये म्हणून देवाला हात जोडत होते. आणि खोटं कशाला सांगू, 'रडतोय, ये' असा फोन यावा असंही वाटत होतं.

पावणेदोन तासांनी जिना चढले. आवाज नाही. राजाबाईंच्या खांद्यावर माझी ओढणी, ओढणीत शिवराजची मूठ, आणि तो गाढ झोपलेला.

"झालं की गं!" सासूबाई कुजबुजल्या.

"सोमवारी येते, ताई," राजाबाई म्हणाल्या.

झालं. हेच तर हवं होतं.

तेवढ्यात तो जागा झाला. मी हात पुढं केले. इस्त्रीचा ताठ कुर्ता, अंगाला सेंट. त्यानं माझ्याकडं बघितलं, ओठ मुडपले आणि तोंड राजाबाईंच्या खांद्यात लपवलं.

"शिवा, अरे मी!"

"आज तूच नवी नटी हायेस त्याला," सासूबाई हसू दाबत म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. बाथरूममध्ये जाऊन मानेवरचा सेंट साबणानं धुतला, जुना गाऊन चढवला. बाहेर आले तर राजाबाईंनी न सांगताच ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली. तिला आता खोबरेलाचा आणि मिसरीचा वास येत होता. शिवराज आला. ओढणी मुठीत घेतली, नाकाशी नेली आणि प्यायला लागला, एक डोळा उघडा ठेवून. मी हललेच नाही.

टीव्ही लागला. "प्रिया आली बघ," सासूबाई म्हणाल्या.

राजाबाईंनी चपला घातल्या. "ताई, ओढणीला माझा वास लागलाय. सोमवारी आल्यावर धुवून टाकू का?"

"नको," मी म्हणाले. "दोघींचा राहू दे."