राजाच्या तोंडावर लावायचं दार

रोवीना पेनफोल्डला दार आपटता येत नव्हतं. खरं तर संसदेतल्या द्वारपालाच्या तिच्या नोकरीत दार आपटण्याचा प्रसंग वर्षातून एकदाच यायचा, पण त्याच एका दिवसासाठी या खेपेला तिची निवड झाली होती. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी राजा वरच्या सभागृहात सिंहासनावर बसतो आणि खालच्या सभागृहातल्या निवडून आलेल्यांना बोलवायला आपला दूत पाठवतो. काळ्या कपड्यांतला, हातात काळी काठी घेतलेला तो दूत खालच्या सभागृहाच्या उंबरठ्याशी आला की त्याच्या तोंडावर दार धाडकन लावायचं. त्यानं काठीनं तीनदा ठोठावायचं, मग उघडायचं. एवढंच काम.

तालमीत तिनं चारदा दार लावलं आणि चारही वेळा शेवटच्या वितीवर तिचा हात हळू झाला. वर तोंडातून आपसूक निघालं, "सॉरी हं."

"सॉरी?" मुख्य द्वारपाल हिबर्ट कपाळावर हात मारून म्हणाले. "अगं बाई, बसमध्ये कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण इथे नको! माफीच मागायची तर दार कशाला लावायचं? चहालाच बोलावू त्याला."

बाकीचे द्वारपाल फिदीफिदी हसले. रोवीनाही हसली. पण तिचा हात हळू होण्याचं कारण वेगळंच होतं.

तिचे वडील क्लाइव्ह यांनी राजघराण्याच्या पागेत अडतीस वर्षं घोडे सांभाळले होते. पोरीला हे काम मिळालं म्हटल्यावर म्हाताऱ्यानं हातातला कप खाली ठेवला.

"ज्या घराचं मीठ खाऊन तू मोठी झालीस, त्याच्या माणसाच्या तोंडावर दार आपटणार?"

"बाबा, रीत आहे ती. राजालाही माहीत असते."

"रीत गेली खड्ड्यात. आपटलंस, तर रविवारी जेवायला येऊ नकोस."

आई गेल्यापासून रविवारचं जेवण एवढंच त्या दोघांमध्ये उरलं होतं. म्हातारा शब्दाचा पक्का, हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. रोवीनानं काम नाकारायचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिबर्टना तसं सांगितलं.

हिबर्ट चिडले नाहीत. ते तिला रिकाम्या सभागृहात घेऊन गेले. हिरव्या बाकांवर कुणी नव्हतं.

"पावणेचारशे वर्षांहून जास्त झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "एक राजा शिपाई घेऊन सभेत शिरला. पाच सभासदांना पकडायला. अध्यक्षांच्या खुर्चीत बसला नि विचारलं, कुठे आहेत ते? अध्यक्ष गुडघ्यावर बसले. राजाच होता ना समोर! पण म्हणाले, महाराज, ही सभा सांगेल त्याखेरीज मला पाहायला डोळे नाहीत नि बोलायला जीभ नाही."

"गुडघ्यावर बसून?"

"गुडघ्यावर बसून. राजा रिकाम्या हातानं परत गेला. तेव्हापासून सभा भरलेली असताना एकाही राजानं हा उंबरठा ओलांडलेला नाही. सगळे कायदे त्याच्या नावानं होतात, सरकार त्याचं म्हणवतं, मंत्री काय नि पंतप्रधान काय, त्याच्यापुढे मान लववतात. पण त्या दिवशी सिंहासनावरून तो वाचतो ते भाषण? ते सरकारनं लिहून दिलेलं. त्याला पटो न पटो, त्यातला स्वल्पविरामही तो बदलू शकत नाही. हे सगळं कशावर उभं आहे? फौजेवर नाही. दार लागलं की तो थांबतो, त्यावर."

देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसं रोवीनाला झालं होतं. ती परत दारापाशी गेली आणि तिनं त्याच्या लाकडावर हात ठेवला. काठीच्या टोल्यांनी तिथे खड्डे पडले होते.

"मीच लावते," ती म्हणाली.

तो दिवस उजाडला. सभागृह खच्चून भरलं. लांब दगडी वाटेवरून बुटांचा आवाज येऊ लागला आणि काठीवाला दूत दिसला. तो पाच पावलांवर आला. तीन. रोवीनानं दोन्ही हातांनी दार ढकललं.

धाड!

'सॉरी' ओठांपर्यंत आलं होतं, ते तिनं गिळलं. आत शेकडो माणसं श्वास रोखून बसली होती. मग बाहेरून तीन टोले पडले.

कोण आहे ते पाहायला तिनं दारातली छोटी जाळी उघडली. दूत ताठ उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपमान नव्हता. तो फक्त थांबला होता. त्याच्या पाठीमागे एकामागून एक सगळी दारं सताड उघडी होती आणि पार टोकाला काहीतरी सोनेरी चमकत होतं. ते सिंहासन होतं आणि तिथे राजा बसला होता. एवढा मोठा माणूस, मध्ये एवढंच एक लाकूड, आणि त्यावर घोडेवाल्याच्या पोरीचा हात. आपण किती लहान आहोत आणि आपल्या हातात केवढं देऊन ठेवलंय, हे तिला एकाच क्षणी कळलं, आणि डोळे भरून आले.

अध्यक्षांचा हुकूम झाला. तिनं दार उघडलं.

रविवारी ती वडिलांच्या दाराशी गेली. घंटा वाजवायची की परत फिरायचं, हे ठरेना. तेवढ्यात दार आतूनच उघडलं.

"भाजलेलं मटण गार होतंय," क्लाइव्ह म्हणाले नि आत वळले.

ती टेबलाशी बसली. म्हातारा काट्यानं ताटातले बटाटे इकडून तिकडे सरकवत होता.

"टीव्ही लावणार नव्हतो," शेवटी तो बोलला. "लावला. केवढ्यानं आपटलंस गं!"

"बाबा..."

"ऐक. अडतीस वर्षं पावसापाण्यात घोडे धरून उभा राहिलो मी. आम्ही थांबायचो, घोडे थांबायचे, रस्ते थांबायचे. त्या घराला कुणासाठी थांबताना मी पाहिलं नव्हतं." त्याचा आवाज घोगरा झाला. "आणि परवा तो डोक्यावर तो जड मुकुट घेऊन बसून राहिला. तुम्ही दार उघडेपर्यंत. मुकाट. मला वाटायचं मी त्याला ओळखतो. तो त्याहून मोठा निघाला, रो."

रोवीनानं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं काटा बाजूला ठेवला.

"खरं सांग. लावताना हात थरथरला का?"

"थरथरला, बाबा."

"थरथरायलाच हवा," तो म्हणाला आणि त्यानं तिच्या ताटात मटणाचा सर्वांत चांगला तुकडा वाढला. "पण लावलंस."