कपाटातला पाहुणा

बर्फ पडू लागल्यापासून आर्वो शयनगृहात झोपत नव्हता. कॅनडातल्या थंडर बेमधल्या त्या बुटक्या लाकडी घरात कपाटाच्या सरकत्या दारांना जमिनीपासून छतापर्यंत आरसे होते आणि आरशात एक म्हातारा होता. आर्वोने हात वर केला की तोही करी. आर्वो पुटपुटला की त्याचेही ओठ हलत. मग आर्वो पाठ वळवी आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत जाऊन बसे. आरशासमोर त्याच्या कॉफीचे गार झालेले कप त्याच्या बायकोला, हेल्वीला, सापडत. तेही विस्मरणच, असे समजून ती ते निमूट विसळून ठेवी.

गेल्या आठवड्यात मात्र तो सपाता घालून रस्त्यावर गेला. बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या चालकाने त्याला हाताला धरून परत आणले.

"आई, आणखी एकदा असं झालं ना, तर बाबांना आपण वृद्धाश्रमात ठेवू," मुलगी मार्लीन फोनवर म्हणाली. "तिथं एक खोली रिकामी आहे. मी विचारून ठेवलंय."

म्हणून हेल्वीने आरशांच्या जागी बसवायला दुमडती दारे आणली, साध्या लाकडाची, काहीच न दाखवणारी. हे काम एकट्याचे नसते. एकाने दार उचलून धरायचे, दुसऱ्याने खालची खीळ जमिनीवरच्या खोबणीत बसवायची आणि वरची, स्प्रिंगची, दाबून चौकटीच्या पट्टीतल्या भोकात सोडायची. या घरात अशा प्रत्येक कामाचा दुसरा माणूस ती स्वतः असे. पहिला आता नुसता खुर्चीत बसून राही. शेजारच्या डॉरीनला बोलवावे लागले.

"हळू गं, माझ्या पायावर पाडशील!" आरसा उचलताना डॉरीन ओरडली.

"तुझ्या पायाला काय होतंय! आरसाच फुटेल."

"फुटू दे. मी तीस वर्षं आरसा टाळतेय. तुझ्या नवऱ्याला कुठं आत्ता अक्कल आलीय."

हेल्वी हसली. आरसा तिरका झाला तशी खोली कलली. खिडकी, पलंग, पांढरे आकाश, पिकल्या केसांची एक बाई, सारे एका कडेने घरंगळत गेले आणि मागे कोटांनी भरलेला अंधार उरला. आरसे गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हेल्वीने उंचीचे माप फक्त एका कडेला घेतले होते. जुनी चौकट दुसऱ्या कडेला बुटकी निघाली आणि दुसरे दार गालिच्याला घासू लागले.

"घरच वाकलंय तुझं," डॉरीन म्हणाली.

"त्याला एकट्याला कशाला बोल लावतेस?"

खालची खीळ फिरवून, दार किंचित उचलून, घासणे थांबवले. डॉरीन गेली. दार दुमडले, उलगडले, दुमडले. त्या कोरड्या आवाजाखेरीज घरात काही नव्हते.

दिवस कलताना ती आर्वोला घेऊन आली. उंबऱ्यापाशी तो थबकला, मग आत आला आणि दारांसमोर उभा राहिला.

"कुठाय तो?"

"गेला. त्याच्या घरी."

"घर असतं तर तो इथं कशाला आला असता?" आर्वोचा आवाज चढला. "हाकललंस त्याला? असल्या थंडीत?"

"अरे, तुला भीती वाटायची ना त्याची?"

"भीती कसली? पाहुणा तो. कॉफी द्यायचो, घ्यायचा नाही. लाजायचा. पलंग एकच, म्हणून मी तिकडं खुर्चीत झोपायचो. त्याची कुणी माणसं सापडतात का, तेच बघायला गेलो होतो ना मी!"

त्याने नवे दार ओढून दुमडले आणि आतला स्वतःचा कोट बाहेर काढला.

"बघ, कोटही विसरला. देऊन येतो."

एक बाही चढवून तो बाहेरच्या दाराकडे निघाला. हेल्वी वाटेत उभी राहिली. मार्लीनने विचारून ठेवलेली ती रिकामी खोली तिला दिसली, पांघरुणासकट.

"आर्वो, कोटासाठी येईलच की तो परत. तेव्हा घरात कुणी नको?"

बाही हळूहळू उतरली.

"आणि ती?"

"ती कोण?"

"बायको त्याची. त्याच्या मागं उभी असायची. फार दमलेली दिसायची." त्याने कोट पुन्हा आत अडकवला. "तिला कुणीच काही विचारत नव्हतं."

हेल्वीने कोटाची लोंबती बाही आत सारली.

"दार लावू नकोस," तो म्हणाला आणि पलंगाच्या अगदी कडेला, जागा ठेवून, आडवा झाला. थोड्या वेळाने त्याचा श्वास संथ झाला. कित्येक दिवसांनी त्या खोलीत दुसऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

तिने दार अर्धे दुमडून ठेवले. स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली आणि कपाटासमोर, त्याच्या नेहमीच्या जागी, एक कप ठेवला. मग परत गेली आणि त्याच्या शेजारी दुसरा आणून ठेवला.