गुन्वोरची चाल

आमच्या खोऱ्यात फिडलवर चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून घेतली ते सांगायचं असतं. माझा नवरा तोरलाइव लग्नाआधीपासून एक चाल वाजवतो आणि दरवेळी सांगतो, "अस्लाक लियेनकडून." हे खोटं आहे. अस्लाकला ती धड येतही नव्हती. येत होती ती त्याच्या बहिणीला, गुन्वोरला. मुलीच्या हाती फिडल द्यायची नाही हा त्यांच्या आजोबांचा खाक्या, म्हणून गुन्वोर दूध काढताना ती तोंडानंच म्हणायची. शेजारचा तोरलाइव गोठ्यात पालथ्या बादलीवर बसून शिकला.

पुढे तो स्पर्धांना जायला लागला आणि घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथं. गोठ्यात शिकलो म्हटलं तर परीक्षक हसतील, असं त्याला वाटलं. अस्लाकचं नाव चिकटलं ते चिकटलंच. गुन्वोर मूग गिळून बसली. मला ते कधी जमलं नाही, पण माझं ऐकतो कोण?

यंदा जिल्हा रेडिओनं त्याला शनिवारच्या थेट कार्यक्रमात बोलावलं. वेळ कमी आहे, फक्त वाजवा, हकिगती नकोत, असं त्यांनी बजावलं होतं. तोरलाइव खूश. सुंठीवाचून खोकला गेला.

नाश्त्याला मी म्हटलं, "परीक्षक मेले सगळे. गुन्वोर अजून आहे, आणि ती ऐकणार आहे."

त्यानं ब्रेडवर चीज कापून ठेवलं, फिडलची पेटी उचलली आणि एकटाच गाडी घेऊन गेला. मी वॅफल्स बांधून गुन्वोरच्या वृद्धाश्रमात गेले. काय व्हायचं ते तिच्या शेजारी बसून ऐकायचं होतं.

जेवणघरात रेडिओ मोठा केला होता. निवेदिकेनं तोरलाइवचं नाव घेतलं, चालीचं घेतलं. मग नुसत्या तारा जुळवण्याचा आवाज. बराच वेळ. तिनं हळूच विचारलं, सुरू करायचं का?

"थांब जरा," तोरलाइव म्हणाला. "नाव सांगितल्याशिवाय वाजवता येत नाही. ही चाल मी गुन्वोर लियेनकडून शिकलो. गोठ्यात, तिच्या तोंडून. आजवर मी दुसऱ्याचं नाव सांगत आलो."

आणि त्यानं वाजवायला घेतलं.

सगळी म्हातारी मंडळी गुन्वोरकडे बघायला लागली. माझे डोळे भरून आले. नवऱ्याचा इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता. गुन्वोर मात्र कॉफीच्या कपाशेजारी बोटानं ताल धरून ऐकत होती. मध्येच बोट थांबलं.

"दुसऱ्या भागात घाई करतो," ती म्हणाली. "पहिल्यापासूनच करतो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"इतकी वर्षं ती अस्लाककडची होती ना. मी कोण चूक काढणारी?"

चाल संपली. टाळ्या वाजल्या, कुणीतरी तिच्या खांद्यावर थोपटलं. तिनं वॅफलवर जॅम पसरला, एक घास खाल्ला.

"मंगळवारी पाठव त्याला," ती म्हणाली. "आणि म्हणावं, फिडल घरी ठेवून ये."