कुसळीचं रान

सिलयारी सापडली नाही तेव्हा पुष्पांजलीच्या डोक्यात उजेड पडला. त्याआधी दोन पावसाळे ती आंधळी होती, आणि आंधळं करणारा घरातलाच होता.

दिवाळीचा पाडवा उद्यावर आलेला. पाडव्याला आखरावर, म्हणजे गावची गुरं सकाळी जमतात त्या मैदानात, शेणाचं गोधन मांडायचं, त्यात सिलयारीचे गुलाबी तुरे खोचायचे आणि अख्ख्या गावची गुरं त्यावरून हाकायची. तुडवलेल्या शेणाचा टिळा मग एकमेकांच्या कपाळाला लावायचा. बिनसिलयारीचं गोधन तिच्या सासरी कोणी पाहिलं नव्हतं. सिलयारी मिळायची ती तलावाच्या वरच्या अंगाला, चराणावर. सासऱ्यांच्या पूर्वजांनी तलाव खोदला तेव्हाच ती जमीन गुरांसाठी सोडली होती.

टोपली घेऊन ती चराणाला घातलेल्या कुंपणाच्या आत फिरली. छातीइतकी कुसळी, दुसरं काही नाही. गवत हातानं फाकवून पाहिलं तर खाली नुसता अंधार. केना नाही, भुईआवळी नाही, रानमूग नाही. लुगडं मात्र कुसळांनी भरलं.

कुंपणाबाहेर वाघोबाच्या दगडापाशी सगळं होतं. देवाला कोण कोंडणार म्हणून तार तिथं वळसा घालून गेली होती. योगराज गायकी, गावची गुरं राखणारा, जाता-येता ती तिथंच चारायचा. गवत खुरटं, खरडून खाल्लेलं, आणि त्या खुरट्या गवतात सिलयारी, केना, भुईआवळी, नाव ठाऊक नसलेली निळी-पिवळी फुलं दाटीवाटीनं उभी. तिथं खताचा दाणा पडला नव्हता.

आत पडला होता. तिनंच टाकला होता, पदराची झोळी करून, धान पेरावं तसा.

हिमांशू तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा शाळेत जायला रडायचा. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं. पुढं गोंदियात शिकला, कुठल्याशा संस्थेत गवताच्या प्रयोगावर कामाला लागला. माळाचे तुकडे पाडायचे, काहींना कुंपण, काहींना खत, काहींत गुरं मोकळी. सुट्टीत आला की हे सगळं हसत हसत सांगायचा. एकदा म्हणाला, आपलं चराण थकलं आहे, दोन पावसाळे जनावर बंद ठेवू, खत देऊ, मग मोकळं करू. तिला पटलं. न पटायला काय झालं? युरिया मारला की धानाची बांधी हिरवी होते. धानवाल्या माणसाला हिरवं दिसलं की पोट भरतं. चराणही धानासारखंच, असं तिनं धरलं. मूर्खपणा म्हणा, पण आमच्या भागात तो घरोघरी आहे.

बाया कुरकुरल्या. सुमित्राबाई म्हणाली, माझ्या गाई का तुझ्या माडीवर चारू? पुष्पांजली दारोदार फिरली, आपला शब्द गहाण टाकला. फाटकाची किल्ली हिमांशूनं तिच्याच हातात दिली, वयनीपेक्षा भरवशाचं कोण, असं चारचौघांत म्हणून. तिनं ती करदोड्याला बांधली आणि मिरवली. चुकून आत शिरलेली वासरंसुद्धा तिनं काठीनं हाकलली.

यंदा आश्विनात तिनं कौतुकानं आपली गाय आत सोडली. गायीनं हुंगलं, एक घास घेतला, तोंड झटकलं आणि फाटकाकडे वळली. रात्री वाढताना तिनं हिमांशूला सांगितलं, गाय तोंड नाही लावत रे बाबू. तो अस्सं म्हणाला आणि जेवत राहिला.

तेच वाक्य त्यानं ग्रामसभेत उभं केलं. नागपूरच्या कोणा पार्टीला नागझिऱ्याच्या पर्यटकांसाठी तंबू टाकायला जागा हवी होती, आणि ती मिळवून द्यायचं हिमांशूनं कबूल केलं होतं. दिवाळीनंतर साहेब लोक पाहणीला येणार. जमीन चराईच्या वापरात नाही असं दिसलं की पुढचं सोपं. हिमांशू म्हणाला, मी कायले सांगू, आमच्या वयनीलेच विचारा, गाय तोंड लावत नाही. सगळी सभा तिच्याकडे वळली. खोटं नव्हतं ते. तिनं मान खाली घातली. सुमित्राबाई तिच्या पायांजवळ थुंकली आणि निघून गेली.

तरी तेव्हा तिला वाटलं होतं, नशीब फिरलं, गवत आपोआप बिघडलं. वाघोबापाशी सिलयारी दिसली तेव्हा कळलं, आपोआप काही झालं नाही.

ती रिकामी टोपली घेऊन घरी आली. हिमांशू ओसरीवर मोबाइल पाहत बसला होता.

"तुले माहीत होतं का?"

काय, असंही त्यानं विचारलं नाही. "खत टाकलं अन् जनावर बंद केलं की एकच गवत माजते, वयनी. बाकीच्यायले ऊनच नाही भेटत. आमच्या सगळ्या तुकड्यांवर तेच झालं."

"मग मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू टाकलं असतं का?"

ती आत गेली. त्या रात्री त्याला भावानं वाढलं.

पाडव्याला तिनं वाघोबापाशी खुडलेली सिलयारी गोधनात खोचली. ढोल वाजला, योगराजनं हाळी दिली, गुरं शेण तुडवत पार झाली. टिळे सुरू झाले. हिमांशू पांढरा शर्ट घालून आला, दरवर्षीसारखा तिच्यापुढं वाकला. तिनं चिमूटभर शेण उचललं आणि ती त्याला वळसा घालून पलीकडे उभ्या सुमित्राबाईकडे गेली. सुमित्राबाईनं लगेच कपाळ दिलं नाही. तोंडाकडे पाहत राहिली. मग दिलं.

"योगराजभाऊ, गुरं वर घ्या," पुष्पांजली म्हणाली.

फाटकाचं कुलूप तिनंच काढलं. गुरं आत शिरली, आणि छातीइतकी कुसळी कडकड मोडत आडवी होऊ लागली. हिमांशू धावत आला.

"खाणार नाहीत ती. तोंडात कुसळं टोचतील. वयनी, साहेब लोक येऊन राहिले परवा."

"खायले कोण म्हणते? तुडवू दे. परवाही तुडवतील. साहेबाले म्हण, पाहून घ्या वापर."

"अन् माझं काय?" तो म्हणाला. त्याचा आवाज शाळेच्या दारातला होता. तिला तो ओळखू आला, आणि म्हणूनच ती वळली नाही.

मागं सुमित्राबाई योगराजला फाटक बिजागरीतून उचलायला लावत होती. माझ्या बकऱ्यांच्या कोठ्याले बरं होते, म्हणाली. फाटक घेऊन दोघं उतारानं गेली. हिमांशू तिथंच उभा राहिला. गावात त्या दिवशी कोरं कपाळ त्याचं एकट्याचं होतं.